नववीतल्या मुलीला विज्ञान शिकायला इंटरनेटवर चांगलं आणि फुकट काय आहे?

प्रश्न विचारणाऱ्या ताई घणसोलीच्या आहेत. मुलगी मराठी माध्यमात नववीत, अकरावीला सायन्स म्हणजे सगळं इंग्रजीतून, आणि घरात मुलीला देता येईल असा एकच फोन. एका अ‍ॅपवाल्याने वर्षाचं पॅकेज हप्त्याने घ्या म्हणून मागे लागून ठेवलंय, ते घ्यावं का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, हप्ता भरू नका. मी कळव्याला मराठी शाळेत १७ वर्षं विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी असंच पॅकेज घेतलं होतं. पोरगं दोन महिने रोज व्हिडिओ बघायचं, विचारलं की "समजलं बाई" म्हणायचं, आणि फळ्याशी उभं केलं की गप्प. त्याची चूक नव्हती. त्यात बघायला भरपूर होतं, करायला काहीच नव्हतं. म्हणून मी आता एकच बघते: हे उघडल्यावर मुलाच्या हाताला काही काम लागतं का?

सुरुवात ई-बालभारतीच्या साइटवरून करा. सगळी पाठ्यपुस्तकं तिथे पीडीएफमध्ये फुकट आहेत. पण मराठी पुस्तक नका उतरवू, ते तिच्या दप्तरात आहेच. इंग्रजी माध्यमाचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक उतरवा. दोन्ही पुस्तकं धड्याला धडा, चित्राला चित्र सारखी आहेत. तिचा 'गतीचे नियम' हा धडा एकदा मराठीत नीट कळला की शेजारी फोनवर तोच धडा इंग्रजीत उघडायचा. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया, हे पाठ करावं लागत नाही, वाचता वाचता डोक्यात बसतं. एखादा शब्द अडलाच तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. अकरावीत आमची हुशार मुलं मागे पडतात ती बहुतेक वेळा या शब्दांपाशी. विज्ञान त्यांना येत असतं. दोन वर्षं हातात आहेत, तर हे आजच सुरू करा.

दुसरं म्हणजे 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यात स्क्रीनवर प्रयोग करता येतात: वायर जोडून बल्ब पेटवायचा, प्रकाशाचा किरण पाण्यात वळवायचा. बरेच प्रयोग मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही.

फक्त एक करा. स्क्रीनवरच्या प्रयोगाआधी जमेल तो प्रयोग घरात खरा करायचा. आम्ही लंबकाचा करतो. वर्गाच्या खिडकीच्या गजाला सुतळी बांधून खाली कुलूप अडकवतो. सुतळी २५ सेंमी ठेवली की २० झोक्यांना (जाऊन परत आलं की एक झोका) साधारण २० सेकंद लागतात. मग मी विचारते, ४० सेकंद हवे असतील तर सुतळी किती घ्यायची? सगळा वर्ग एका सुरात, "५० सेंमी!" बांधून बघतात, तर २८ सेकंद. तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मला फार आवडते. कोणी म्हणतं घड्याळ चुकलं, कोणी म्हणतं मोजताना चुकलो. पुन्हा मोजतात, पुन्हा २८. शेवटी कोणीतरी एक मीटर घेऊन बघतं आणि ४० सापडतात. वेळ दुप्पट हवा तर लांबी चौपट. हे झाल्यावर फेटमधला लंबक उघडायचा. तिथे तोच लंबक चंद्रावर नेता येतो, गुरूवर नेता येतो, आणि एक अनोळखी ग्रहही आहे, ज्याचं गुरुत्व मुलांनी झोके मोजून शोधायचं. सुतळी हाताळलेली मुलं ते आपण होऊन शोधतात. न हाताळलेली मुलं नुसती बटणं दाबत बसतात.

फोन एकच असला तरी त्यात प्रयोगशाळेची साधनं आहेत. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे अ‍ॅप फुकट आहे. ते फोनमधल्या सेन्सरवर मोजमाप करतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळेल अशा वेळी फोन मांडीवर आडवा ठेवून त्यातला त्वरणाचा आलेख लावा. गाडी घणसोलीहून सुटते तेव्हा रेघ सरकते, आणि गाडीने एकसारखा वेग धरला की थरथरत शून्याजवळ येते. गाडी जोरात पळते आहे आणि त्वरण मात्र जवळजवळ नाही! वेग आणि त्वरण यांतला फरक मला फळ्यावर इतका स्पष्ट कधी दाखवता आला नाही.

अरविंद गुप्ता यांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंतून करायची शेकडो खेळणी आहेत, छोट्या फिल्म मराठीतही आहेत. अर्थ कळायचा असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. भाषा थोडी जड आहे, पण नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. आणि मुलीला आव्हान हवं असेल तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची साइट बघा. ऑलिम्पियाडचे जुने पेपर उत्तरांसकट तिथे आहेत. हे केंद्र तुमच्यापासून लांबही नाही, वाशीहून खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला.

आता यूट्यूब. ते ती बघणारच, बघू दे. नवीन चॅनेल खरं सांगतं का हे तपासायला मी एक प्रश्न ठेवलाय: अंतराळ स्थानकात माणसं का तरंगतात? "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" असं उत्तर आलं की ते चॅनेल बंद. स्थानक जमिनीपासून ४०० किमीच्या आसपास फिरतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि माणसं दोघंही पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. हे मुलीलाही सांगून ठेवा. दहावीला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, आणि चॅनेल पारखायचं काम पुढे तिचं तिला करता येईल.

या रविवारी सुतळी-कुलपाचा प्रयोग करून बघा आणि आकडे खाली लिहा, मी बघेन. एक मीटरला ४० च्या ऐवजी ४१ आले तर आधी माप तपासा. लांबी गाठीपर्यंत नाही, कुलपाच्या मधोमधपर्यंत मोजायची.