गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, नुसतं टिकटिक वाजतं. बॅटरी बदलू की अल्टरनेटर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात उघड्यावर उभी राहणारी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी चार वर्षांची, ऑफिस तीन-चार किलोमीटरवर. सकाळी चावी फिरवली की टिकटिक, आणि शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला की लगेच सुरू. एक जण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर.

अजून कशावरच पैसे घालू नका. आधी मोजा. मी मेकॅनिक नाही. वर्ध्याला राहतो आणि घरच्या गाड्यांची किरकोळ कामं स्वतः करतो. हा बिघाड तीन-चारशे रुपयांच्या साध्या डिजिटल मल्टिमीटरने घरच्या अंगणात पकडता येतो. तरीही लोक अंदाजाने बॅटरी बदलतात आणि महिन्याभरात पुन्हा तीच टिकटिक ऐकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्यांदा आवाज नीट ऐका. भराभर टिकटिकटिक वाजत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो, म्हणून ती टिकटिक. एकच जोरात ‘ठक’ वाजून सगळं शांत होत असेल आणि दिवे झगझगीत असतील, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर घ्यावा. काहीच आवाज नाही पण दिवे ठीक आहेत, तर क्लचचा स्विच, रिले, इग्निशन स्विच किंवा चावीचा इमोबिलायझर बघावा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर भांडण पेट्रोलचं नाहीतर स्पार्कचं आहे, बॅटरीला त्यात ओढू नका. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. पण लक्षात घ्या, करंट पोहोचत नाही याचा अर्थ बॅटरी मेली असा होत नाही. तो वाटेतही अडकू शकतो.

वाट म्हणजे टर्मिनल. बोनेट उघडून दोन्ही क्लॅम्प हाताने फिरवून बघा. जरासाही हलला तर तो सैल आहे. सेल्फ फिरताना शंभराच्या वर अँपिअर ओढतो, त्यामुळे हेडलाइट लावायला पुरणारा सांधा सेल्फला पुरत नाही. पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर सोडवा, मग लाल. बहुतेक लहान गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. हा क्रम मोडू नका. लाल सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि काळी अजून जोडलेली असली, तर थेट शॉर्ट होतो. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ते मिश्रण क्षारावर ओता, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, कारण खरा संपर्क तिथे होतो. लोक वरवर धुतात आणि आतला काळा थर तसाच ठेवतात. जोडताना आधी लाल, मग काळी, आणि घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हलका हात. हातमोजे आणि चष्मा घाला, तो क्षार डोळ्यात जाऊ देऊ नका.

एवढ्याने काम झालं तर उत्तमच. नाही झालं तर मीटर काढा. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि तीन आकडे घ्या.

पहिला आकडा सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर, दार-दिवे काहीही चालू न करता. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १०.५ च्या आसपास दिसलं तर आतला एक सेल गेला असण्याची दाट शक्यता, कारण सहा सेल प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट देतात आणि त्यातला एक कमी झाला आहे. अशी बॅटरी चार्ज करून परत येत नाही.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. बॅटरी भरलेली असूनही व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर ती आतून म्हातारी झाली. मात्र मुळात उतरलेल्या बॅटरीवर ही चाचणी घेऊन निकाल देऊ नका. आधी चार्जरवर पूर्ण भरा, मग बघा. दुकानात घाईघाईत ही एक पायरी गाळली जाते आणि चांगली बॅटरी भंगारात जाते.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. १५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो नवी बॅटरीसुद्धा उकळून खराब करेल. १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का, घासलाय का ते आधी बघा, मग अल्टरनेटर. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी ठेवतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून पुन्हा मोजा.

तिन्ही आकडे ठीक आहेत आणि तरीही टिकटिक? मग अर्थिंग, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची करंटची परतीची वाट. माझ्या मेहुण्याच्या गाडीत हेच झालं होतं. एका वर्कशॉपने दोनदा बॅटरी बदलली, दोष तसाच. शेवटी आम्ही मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वाट खराब. आमच्या मीटरवर दीड व्होल्टच्या वर दिसलं. इंजिन ते बॉडी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी बोल्टजवळ गंजून निम्मी तुटली होती. पट्टी बदलली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ही पट्टी खाली असते, चिखल-पाणी खाते, आणि सर्व्हिसिंगमध्ये तिच्याकडे कोणी बघत नाही. कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्यांनी तर ती वर्षातून एकदा आवर्जून बघावी.

तुमच्या बाबतीत मात्र मला दोन गोष्टींचा जास्त संशय आहे. एक, तुमचा छोटा प्रवास. सेल्फ मारायला लागलेला करंट काही मिनिटांत भरून निघतो, त्यात फार काही जात नाही. पण एकदा खोल उतरलेली बॅटरी तीन-चार किलोमीटरमध्ये, हेडलाइट-एसी चालू ठेवून, कधीच भरत नाही. ती कायम निम्मी राहते, आणि निम्म्या चार्जवर राहिलेल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं. रोज पाच मिनिटं जागेवर गाडी चालू ठेवण्याचा सल्ला सगळे देतात, त्याचा उपयोग जवळपास नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास वर्धा रोडला मोकळ्या रस्त्यावर चालवा, किंवा महिन्यातून एकदा चार-पाच अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा. चार्ज करताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

दोन, तुम्ही लिहिलंय की दिवाळीत डॅशकॅम आणि म्युझिक सिस्टिम बाहेरून बसवली. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा करंट खातात. ५० मिलिअँपिअरपर्यंत ते चालतं. पण बाहेरून बसवलेली वस्तू चावीच्या लाइनऐवजी कायम चालू असलेल्या लाइनवर जोडली असेल, तर ती रात्रभर पिते. ०.३ अँपिअरची गळती म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास, तुमच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा अर्ध्याहून जास्त भाग तीन दिवसांत संपला. मोजायचं असेल तर मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह वायर खुंटीवरून सोडवून त्या दोघांच्या मधोमध जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर झोपतात, मग आकडा वाचा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडतो, चोर त्या लाइनवर. आणि हिशोब करून बघा, ५० मिलिअँपिअरसुद्धा महिन्याभरात ३६ अँपिअर-तास होतात. गावाला महिनाभर जाताना निगेटिव्ह वायर सोडवून ठेवावी ती याचसाठी.

विदर्भातल्या उन्हाबद्दल एक सांगायलाच हवं. बॅटरीचं खरं नुकसान मे महिन्यात ४५ अंशांत होतं. पाणी उडतं, प्लेटांची जाळी आतून गंजते. ते उघडं पडतं डिसेंबरच्या सकाळी, जेव्हा गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फला जास्त ताकद लागते. त्यामुळे उघड्यावरच्या गाडीत चार वर्षं टिकलेली बॅटरी वाईट म्हणता येणार नाही. झाकणं उघडणारी असेल तर पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आरओचं नाही. वरचा हिरवा डोळा एकाच सेलची स्थिती दाखवतो, त्यावर विसंबू नका.

जंप देताना: लाल आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळा दुसऱ्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचा चिमटा तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण शेवटी ठिणगी उडते. हायवेवर अडकलात तर ट्रककडून जंप घेऊ नका. ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते, तुमच्या गाडीचे कॉम्प्युटर जातील.

आणि कोणी इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चेक’ करायला लागला तर त्याचा हात धरा. जुन्या गाड्यांत हे खपून गेलं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

बदलायचीच ठरली, तर बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघून घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे अशा वारंवार बंद-चालूसाठी बनवलेली, बॅटरीच लागते, साधी लवकर जाते. बसवल्यावर ती क्लॅम्पने जागेवर घट्ट आहे ना ते हलवून बघा. जुनी दुकानदाराला परत द्या, तो किमतीत वजावट देतो. बॅटरी फोडून अ‍ॅसिड नाल्यात ओतणाऱ्या भंगारवाल्याला नको.

आज टर्मिनल घासा, उद्या सकाळी तिन्ही आकडे घ्या आणि इथे खाली लिहा. सोबत बॅटरीवर छापलेला महिना आणि डॅशकॅमची वायर कोणत्या फ्यूजवरून घेतली आहे तेही कळवा, मग पुढचं बघू.