एकच ॲम्प, चार खोल्या, पण प्रत्येक खोलीत आवाज वेगळा: कसं जमवायचं?

हॉल, स्वयंपाकघर, आईची खोली आणि गच्ची. प्रत्येक ठिकाणी ८ ओहमच्या स्पीकरची जोडी, ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) एकच, आणि एका खोलीत आवाज बारीक केला तर दुसरीकडे फरक पडू नये, असं तुम्ही विचारलंय. माझ्या घरी नेमकं हेच होतं.

आधी मी चारही जोड्या सरळ पॅरलल जोडल्या, म्हणजे प्रत्येकीची वायर थेट ॲम्पला. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका ॲम्पवर ताण जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल केले की ॲम्पवर ४ ओहमचा भार येतो, चार केले की २ ओहमचा. माझ्या ॲम्पच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असं स्वच्छ छापलेलं होतं. पाऊण तासात ॲम्पच्या वरच्या जाळीवर हात ठेववेना, मग तो आपोआप बंद पडायला लागला. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडा असं कुणी सांगेल, तर तेही नको; एका खोलीतली वायर सुटली की सगळं घर गप्प. आणि पंख्याचा रेग्युलेटर मध्ये टाकायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

तुमच्या वायरी भिंतीत आधीच गेल्या असतील, तर प्रत्येक खोलीत ‘इम्पीडन्स मॅचिंग’ (ॲम्पला दिसणारे ओहम जुळवणारा) व्हॉल्यूम कंट्रोल बसवा. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे जंपर, म्हणजे जागा बदलता येणारी छोटी क्लिप. जंपर चारवर ठेवला की ८ ओहमची जोडी ॲम्पला ३२ ओहमची वाटते. अशा चार जोड्या मिळून परत ८ ओहम. चारही ठिकाणी जंपर सारखाच हवा. ताकद मात्र चार ठिकाणी वाटली जाते, त्यामुळे गच्चीवर आवाज कमीच पडेल.

वायरिंग अजून व्हायचं असेल तर मी हा मार्ग घेणारच नाही. प्रत्येक खोलीला तिचा छोटा ॲम्प द्या. टीपीए ३११६ चिपचे, आवाजाचं बटण असलेले तयार ॲम्प बोर्ड मिळतात, २४ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतात. त्यांत आवाज ॲम्पच्या आधीच कमी होतो, म्हणून एका खोलीचा दुसरीशी संबंधच उरत नाही. हॉलमधल्या प्लेअरच्या लाइन आउटला (ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या सॉकेटला) फाटे फोडून प्रत्येक खोलीत शील्डेड, म्हणजे आत जाळीचं कवच असलेली, केबल न्या. लाइन आउटला चार ॲम्पचा भार जाणवत नाही. केबल विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप टाका. तरीही गुणगुण आली तर ग्राउंड लूप आयसोलेटर (ती गुणगुण तोडणारी छोटी डबी) केबलमध्ये लावा. एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा: या बोर्डांत डाव्या-उजव्या स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र जोडायच्या नाहीत आणि अर्थलाही लावायच्या नाहीत. इलेक्ट्रिशियन सवयीने जोडतो आणि बोर्ड जातो.

भिंत फोडायचीच नसेल तर प्रत्येक खोलीतल्या ॲम्पला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर जोडून त्यावर स्नॅपकास्ट हे नेटवर्कवरून गाणं पाठवणारं सॉफ्टवेअर चालवा. सगळीकडे गाणं एकाच क्षणी वाजतं, आवाज खोलीगणिक वेगळा. वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर एकत्र लावले तर दारात उभं राहिल्यावर तीच ओळ दोनदा ऐकू येते.

पण स्वयंपाकघरात फोनवरचं ॲप नको, हाताने फिरवायचं बटणच द्या. माझी आई सकाळी पोळ्या लाटताना अभंग लावते. दारावरची बेल वाजली की कणकेच्या हाताने, मनगटाच्या कडेनं ती बटण फिरवते. म्हणून मी ते ओट्यापासून हातभर वर, मोठ्या चकतीचं बसवलंय.

तुमच्या ॲम्पच्या मागे किती ओहम छापलंय ते कळवा, म्हणजे जंपर कितीवर ठेवायचा ते नेमकं सांगतो.