'अंतर्गामी अंत्यबिंदू' की 'आवक टोक'?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडणाऱ्या प्रणालीची मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. बाहेरचा संदेश जिथे आत घेतला जातो त्या 'इनबाउंड एंडपॉइंट'ला 'अंतर्गामी अंत्यबिंदू' म्हटलं तर चालेल का?

माझं मत विचाराल तर नको. 'इनबाउंड'साठी शब्द घडवायची गरजच नाही. पुण्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत अर्ज द्यायला जा. खिडकीपलीकडचा कारकून अर्जावर 'आवक'चा शिक्का मारतो, शिक्क्यातल्या मोकळ्या जागेत पेनाने क्रमांक आणि तारीख भरतो, तेच वहीत उतरवतो आणि आपल्या झेरॉक्सवर पोच देतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी कांद्याची आवक किती झाली, हे सोमवारच्या पेपरात असतं. बाहेर जातं ते जावक, म्हणजे 'आउटबाउंड'चंही काम झालं.

अडचण आहे ती 'एंडपॉइंट'ची. 'अंत्य' म्हटलं की अंत्ययात्रा, अंत्यसंस्कार आठवतात. इथे तर संदेशाचा प्रवास सुरू होतो. डब्ल्यूएसओटू कंपनीच्या इंटिग्रेटरमध्ये, म्हणजे अशाच एका जोडणाऱ्या प्रणालीत, इनबाउंड एंडपॉइंट लावताना नाव आणि प्रोटोकॉल (संदेश कुठल्या पद्धतीने येणार ते) देतात, शिवाय एक सीक्वेन्स, म्हणजे संदेशावर क्रमाने करायच्या कामांची यादी, नेमून देतात. आलेला संदेश थेट त्या सीक्वेन्सच्या हवाली होतो. काही चुकलं तर चुकांसाठी नेमलेल्या वेगळ्या सीक्वेन्सकडे जातो. खरं काम तिथून पुढे.

मी आधी 'आवक खिडकी' सुचवणार होतो. एचटीटीपीला, म्हणजे वेबवरून संदेश येतात त्या पद्धतीला, ती चपखल बसते: खिडकी उघडून बसायचं, येईल त्याचं घ्यायचं. पण फाइलींचं तसं नाही. तिथे प्रणालीच ठरावीक वेळाने फोल्डरपाशी जाते आणि नवीन काही पडलंय का ते बघते. 'इंटरव्हल'मध्ये १००० लिहिलं तर तो आकडा मिलिसेकंदांचा, म्हणजे दर सेकंदाला एक फेरी. हे पेटी उघडून टपाल आणणाऱ्या शिपायाचं काम, खिडकीतल्या कारकुनाचं नव्हे. 'आवक टेबल' हा कचेरीतला खरा बोलीतला शब्द, पण डेटाबेसवाले त्याचा भलताच अर्थ घेतील.

म्हणून 'टोक'. दोरीला दोन टोकं असतात आणि त्यातलं कुठलंही शेवटचं नसतं. 'लक्ष्मी रस्त्याच्या अलका टॉकीजकडच्या टोकाला भेटू' म्हणणारा माणूस रस्ता तिथे संपतो की सुरू होतो याचा विचार करत नाही. 'अंत्यबिंदू'त ही मोकळीक नाही. मग वाट बघणारं ते 'ऐकणारं आवक टोक' आणि स्वतः जाऊन बघणारं ते 'फेरीचं आवक टोक'.

'ॲक्नॉलेजमेंट'ला मात्र 'पोचपावती'पेक्षा नुसतं 'पोच' लिहा. जेएमएस, म्हणजे जावा प्रोग्रॅमांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत; तिच्या रांगेतला संदेश पोच मिळेपर्यंत काढून टाकला जात नाही, पोच आली नाही तर पुन्हा दिला जातो. खिडकीवरच्या आपल्या झेरॉक्सचा अर्थ नेमका हाच.

लिंगाचं एक सांभाळा. 'आवक' स्त्रीलिंगी असली तरी जोडशब्द 'टोक'प्रमाणे चालेल: 'आवक टोक लावलं', 'लावली' नाही. पुस्तिकेतलं वाक्य मी असं लिहीन: 'आधी आवक टोकाला नाव द्या, प्रोटोकॉल निवडा, आणि आलेला संदेश कोणत्या सीक्वेन्सकडे सोपवायचा ते लिहा.'