समुद्र एरवीही बदलतो, मग माणसाचा परिणाम वेगळा कसा ओळखायचा?

आपण विचारले आहे की समुद्र एरवीही सतत बदलत असतो, तर त्यातला माणसामुळे झालेला बदल सागरी परिसंस्थेचे अभ्यासक वेगळा कसा काढतात, आणि अशा संशोधनातून संवर्धन खरोखर होते का. मासेमारीचा परिसंस्थेवर काय परिणाम होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि माझे काम सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर चालते. आपला पहिला प्रश्न हाच या कामाचा सर्वांत अवघड भाग असल्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहिते.

तारलीचे उदाहरण घेऊ. केरळच्या बंदरांवर २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१ साली ती अवघी ३,२९७ टनांवर आली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा एक लाख टनांच्या वर गेली. नुसते हे आकडे पाहून कोणी म्हणेल की हा निसर्गाचा चढउतार आहे, तर कोणी म्हणेल की हा बेसुमार मासेमारीचा परिणाम आहे, आणि दोघांनाही आपलेच म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटेल. तारली हा थोडे आयुष्य असलेला मासा आहे. पावसाळ्यात खोलातले थंड आणि पोषक पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्यावर तारली पोसली जाते. २०१५ च्या एल निनोसारख्या वर्षी (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापून दूरदूरचे हवामान बदलते तेव्हा) ही घडी विसकटली की तिची संख्या घसरते, आणि अशी घसरण माणूस नसतानाही झाली असती. पण त्याच्या आधीच्या भरभराटीच्या वर्षांत अंडी घालणारे मोठे मासे आणि अजून वाढायची असलेली पिल्ले या दोन्हींची पकड झालेली होती. म्हणजे धक्का निसर्गाने दिला आणि त्यातून सावरण्याची ताकद आधीच माणसाने काढून घेतलेली होती. बहुतेक ठिकाणी मला असेच मिश्रण दिसते, आणि म्हणून दोन्हींपैकी एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

हे मिश्रण सोडवण्याची पद्धत तत्त्वतः साधी आहे. जिथे मासेमारी, बांधकाम किंवा सांडपाणी येते अशी एक जागा घ्यायची, तिच्यासारखीच पण त्यापासून मोकळी असलेली दुसरी जागा घ्यायची आणि हस्तक्षेप सुरू होण्याच्या आधी व नंतर दोन्हीकडे तीच मोजणी करायची. एल निनो दोन्ही जागांवर सारखाच येतो, त्यामुळे दोन्हीकडे जे घडले ते बाजूला काढले की उरलेला फरक बहुतांशी माणसाचा असतो. मात्र हस्तक्षेप शेकडो वर्षांचा आणि मोजणी गेल्या काही दशकांची असल्यामुळे यातला ‘आधी’ हा भाग आपल्याकडे जवळजवळ कधीच नसतो.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ साली एका छोट्या लेखात नेमके या दोषावर बोट ठेवले. प्रत्येक पिढीतला अभ्यासक स्वतः काम सुरू केले तेव्हाचा समुद्र मूळचा धरतो आणि तिथून पुढची घट तेवढी मोजतो. पुढच्या पिढीची सुरुवातच त्या घटलेल्या समुद्रापासून होते. मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांच्या मुलाखती घेऊन २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. एकेकाळी विपुल असलेल्या आणि आता संपत आलेल्या माशांची नावे विचारली तेव्हा वयोवृद्धांनी तरुणांच्या पाचपट जाती सांगितल्या. तरुण काही लपवत नव्हते. जे त्यांनी कधी पाहिलेच नाही ते हरवले आहे हे त्यांना कळणार कसे?

मला हे आधी वाचनातून समजले होते, पण पटले ते मालवणजवळच्या एका गावात. जेट्टीवर ट्रॉलरमधून उतरणाऱ्या मासळीची लांबी आणि वजन मी महिनोन्महिने नोंदवत होते, आणि जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसलेले एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके, ज्यांना मी आबा म्हणते, ते रोज पाहत असत. एके दिवशी ते म्हणाले, “चेडवा, तू मोजतंस ता खरा, पण कधीपासना मोजतंस?” माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनीही इतका मुद्द्याचा प्रश्न मला विचारला नव्हता.

आता संवर्धनाविषयी. याच कॅलिफोर्नियाच्या आखातात काबो पुल्मो नावाचे ७१ चौरस किलोमीटरचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९९५ साली झाले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढले आणि मोठ्या शिकारी माशांचे तर अकरापट झाले. त्याच आखातातील इतर संरक्षित क्षेत्रांत असे काही घडले नाही. कायद्याने काबो पुल्मोच्या साधारण एक तृतीयांश भागातच मासेमारीला पूर्ण बंदी होती. उरलेल्या भागातही ती थांबली, कारण तिथल्या मच्छीमार कुटुंबांनीच ते ठरवले आणि तेच राखणीला उभे राहिले.

मालवणचे सागरी अभयारण्य त्याच्याही आधीचे, १९८७ सालचे आहे. २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ, असे सगळे कागदावर आहे. पण ज्यांची पोटे या पाण्यावर चालतात त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून विरोध राहिला, कारण आपली रापण (जाळे ओढून मासे धरण्याची पारंपरिक पद्धत) बंद होईल ही भीती कोणी नीट दूर केली नाही. रापण किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायची असते आणि तिचा घेर मर्यादित असतो. तळ खरवडत जाणारा ट्रॉलर किंवा अख्खा थवा वेढणारी पर्ससीन यांच्याशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. नियम करणाऱ्यांनी हा फरक सुरुवातीलाच मान्य केला असता, तर अभयारण्याचे पहिले राखणदार रापणकरच झाले असते, असे माझे ठाम मत आहे. अर्थात २०१४ साली मालवणच्या प्रवाळांचे जे विरंजन, म्हणजे रंग जाऊन पांढरे पडणे, नोंदले गेले, तसे तापत्या पाण्याने होणारे नुकसान कोणतेही अभयारण्य थेट थांबवू शकत नाही. जाळी, नांगर आणि गाळ यांचा ताण कमी असलेला प्रवाळ त्यातून सावरण्याची शक्यता जास्त असते, एवढेच संरक्षणाने साधते आणि तेही थोडे नाही.

विश्वासाने काय साधते याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्राच्या पुराव्यावर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना शासनाने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. फाटलेल्या जाळ्याची किंमत ज्याला माहीत आहे त्याला या रकमेचे मोल समजेल. अभ्यासकांच्या दृष्टीने आणखी मोठी गोष्ट अशी की, हे प्राणी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जाळ्यात सापडतात याची नोंद त्यामुळे होऊ लागली. एरवी कारवाईच्या धाकाने ती माहिती समुद्रातच राहिली असती.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे. गेल्या वर्षी त्यांनी घरातल्या पेटीतून त्यांच्या वडिलांच्या काळातल्या रापणीच्या हिशेबाच्या वह्या काढून दिल्या. कोणाला किती वाटे मिळाले, बांगडा किती टोपल्या, तारली किती, हे त्यांत तारीखवार लिहिलेले आहे. त्या काळच्या टोपलीत किती किलो मासळी मावत असे हे ठरवण्यासाठी आबांनी तशीच एक टोपली विणून घेतली आणि आम्ही दोघांनी ती ताज्या बांगड्याने भरून तराजूवर चढवली. पहिल्या वहीची निम्मी पाने आता किलोत उतरली आहेत.