‘इव्होक’ कुठे चालतं आणि ‘प्रोव्होक’ कुठे

प्रश्न असा आहे: ‘इव्होक’ या इंग्रजी क्रियापदाला शब्दकोशात ‘जागृत करणे’, ‘आवाहन करणे’, ‘उद्दीपित करणे’ असे अर्थ सापडतात. यांतला नेमका कुठला घ्यायचा, आणि ‘प्रोव्होक’च्या जागी ‘इव्होक’ वापरलं तर चालतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: चालत नाही. फरक ओळखायचा तर वाक्यातलं कर्म बघावं. ‘इव्होक’चं कर्म आठवण, भावना, चित्र किंवा वातावरण असतं, माणूस नसतो. ‘द साँग इव्होक्ड मी’ हे चूक, ‘द साँग इव्होक्ड मेमरीज इन मी’ हे बरोबर. ‘प्रोव्होक’ मात्र थेट माणसाला लागतं. ‘ही प्रोव्होक्ड मी’ म्हणजे त्यानं मला डिवचलं. आणि डिवचलेला माणूस काहीतरी करतो: उलट बोलतो, हात उगारतो, निदान निषेधाचं पत्रक तरी काढतो. ‘इव्होक’मध्ये कुणी काही करायची गरज नसते, आत काही उमटलं की काम झालं. म्हणून वाद, टीका, हल्ला, निदर्शनं यांच्याशी ‘प्रोव्होक’ आणि हुरहूर, ओढ, करुणा, एखादा सरलेला काळ यांच्याशी ‘इव्होक’.

‘प्रोव्होक’ला हे जे कृतीचं आणि तत्काळपणाचं अंग आहे, ते कायद्यात फार स्पष्ट दिसतं. ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’, म्हणजे गंभीर आणि अचानक मिळालेली चिथावणी, हा खुनाच्या आरोपातला जुना अपवाद. 1959 च्या मुंबईतल्या नानावटी प्रकरणात, म्हणजे नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या त्या खटल्यात, बचावाचा एक मुद्दा हाच होता. सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये तो फेटाळला, कारण दुपारी दीडला घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढ्या वेळात डोकं ताळ्यावर यायला हवं होतं. ‘इव्होक’ला अशी मुदत नसते. चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी आज अचानक वर येऊ शकतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ‘प्रोव्होक’ नेहमीच वाईट नसतं. ‘थॉट-प्रोव्होकिंग’ ही शाबासकी आहे, आणि तिला मराठीत ‘विचारप्रवर्तक’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. तिथे ‘विचारांना चिथावणी देणारं’ असं कुणी लिहू नये.

मूळ पाहिलं की गोंधळ आणखी कमी होतो. लॅटिनमध्ये ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे. आपली ‘वाचा’ आणि इंग्रजीतलं ‘व्होकल’ यांचं मूळ एकच. पुढे लागलेला उपसर्ग हाकेची दिशा सांगतो. इव्होक म्हणजे बाहेर बोलावणे, प्रोव्होक म्हणजे पुढे ये म्हणून ललकारणे, इन्व्होक म्हणजे धावून ये म्हणून बोलावणे, रिव्होक म्हणजे परत घेणे. रोमन लोकांत तर ‘इव्होकाटिओ’ नावाचा विधीच होता. शत्रूच्या नगरातल्या देवतेला तिथून बाहेर पडून आमच्याकडे ये, आम्ही तुला मंदिर बांधू, असं सांगायचं. इसवी सन पूर्व 396 मध्ये वेई नगर घेताना रोमन सेनापती कामिल्लसनं जूनो देवीला असंच बोलावल्याचं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो.

आता शब्दकोशातलं ‘आवाहन’. ते खरं ‘इन्व्होक’चं आहे. षोडशोपचार पूजेतलं आवाहन, गौरींचं आवाहन, ही सगळी ‘इन्व्होक’ची उदाहरणं. ‘प्रोव्होक’च्या मूळ अर्थाजवळ जातं ते ‘आव्हान’. आवाहन ‘वह्’ धातूवरून आलं, तर आव्हान हे ‘आह्वान’चं मराठी रूप, आणि त्यातल्या ‘ह्वे’चा अर्थ हाक मारणे. ‘पोलिसांचे नागरिकांना शांततेचे आव्हान’ असे मथळे छापणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. कायद्याचं कलम ‘इन्व्होक’ करतात तेव्हा मात्र आवाहन नको. सरळ ‘लागू करणे’ किंवा ‘कलमाचा आधार घेणे’ लिहावं.

मग ‘इव्होक’ला मराठीत काय म्हणायचं? एकच क्रियापद शोधत बसलात तर ‘जागृत करतो’पाशी अडकाल. ‘पहिल्या पावसाचा वास बालपणीच्या आठवणी जागृत करतो’ हे व्याकरणानं बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘पहिल्या पावसाचा वास आला की लहानपण आठवतं.’ इंग्रजीत वस्तू कर्ता होते आणि भावना घडवते. मराठीत भावना आपली आपण येते: कंठ दाटून येतो, भरून येतं, गलबलतं, काळजात कालवतं. तेव्हा भाषांतर करताना वस्तूला ‘मुळे’, ‘नं’ किंवा ‘की’ लावून बाजूला बसवायचं आणि भावनेला कर्त्याची जागा द्यायची. समीक्षेच्या भाषेत नाम हवं असेल तर ‘उद्दीपन’ उत्तम. संस्कृत रसविचारातला उद्दीपन विभाव, म्हणजे भाव फुलवणारी परिस्थिती, जवळपास हेच काम करतो: चांदणं किंवा कोकिळेचा स्वर रती निर्माण करत नाहीत, आत आधीच असलेल्या स्थायीभावाला फुलवतात. ‘इव्होक’मधलं ‘बाहेर बोलावणे’ याहून चांगलं कुणी समजावलं असेल असं वाटत नाही.

शेजारच्या क्रियापदांबद्दल थोडक्यात. माहिती किंवा उत्तर काढून घ्यायचं असेल तर ‘इलिसिट’. डॉक्टर रुग्णाकडून आजाराचा इतिहास काढतात तो असा. दंगलीला चिथावणं म्हणजे ‘इन्साइट’ (incite). संशय, कुतूहल, आस्था यांच्याशी ‘अराउज’ जमतं, पण ‘आय वॉज अराउज्ड’ असं भाषणात म्हणू नका. त्याचा अर्थ कामोत्तेजित झालो असा घेतला जातो. भारावून गेलो म्हणायचं असेल तर ‘आय वॉज मूव्ह्ड’ किंवा ‘स्टर्ड’.

उच्चारात ‘इव्होक’चा जोर दुसऱ्या अक्षरावर. ‘इव्हॉकटिव्ह’मध्येही जोर तिथेच, पण स्वर आखूड होतो, ‘इव्होकेशन’मध्ये जोर ‘के’वर सरकतो. लिहिताना क्रियापदातला ‘के’ (k) जाऊन या दोन्ही रूपांत ‘सी’ (c) येतो, आणि चुका बहुधा तिथेच होतात. शिवाय ‘इज इव्होकिंग’ असं चालू वर्तमान सहसा नको, साधा वर्तमानकाळ पुरतो.

दवाखान्यात हा शब्द भेटला तर भावना शोधू नये. तान्ह्या बाळाला ऐकू येतं का ते पाहणाऱ्या ‘बेरा’ (BERA) तपासणीतला ‘ई’ म्हणजे ‘इव्होक्ड’. झोपलेल्या बाळाच्या कानात टकटक आवाज सोडतात आणि कपाळावर व कानांमागे लावलेल्या इलेक्ट्रोडवर पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या लहरी मोजतात. तिथे ‘इव्होक्ड रिस्पॉन्स’ म्हणजे आवाजाला मज्जासंस्थेनं दिलेला प्रतिसाद, एवढंच.