टीएसएच नॉर्मल, तरी गळा का सुजला?

काकू म्हणून हाक मारलीस, तर मीही एकेरीतच लिहिते.

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आई ५२ वर्षांची, गारगोटीला असते. गळ्याला पुढून सूज दिसायला लागली. सोनोग्राफीत उजवीकडे २.८ सेंमीची एक गाठ आणि आणखी दोन बारीक गाठी निघाल्या, टीएसएच, म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला 'काम कर' म्हणून सांगणारं रक्तातलं हार्मोन, मात्र २.६, नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले काढून टाका, दुसरे म्हणाले गोळी घेऊन बघू. शेजारणीच्या सांगण्यावरून घरात सैंधव सुरू झालंय आणि कोबी-फ्लॉवर बंद. आणि तुझ्या मनातला खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता: कॅन्सर तर नसेल ना?

मी डॉक्टर नाही. पण या गळ्यापायी चार वर्षं हिंडलेय, अर्धा गळा कापूनही घेतलाय, त्यामुळं थोडं लांबण लागेल, वाचून घे.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं 'थायरॉईड झालाय' असं म्हणतात आणि त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक, ग्रंथी काम किती करते, म्हणजे हार्मोन कमी की जास्त. ते रक्तात कळतं. दोन, ग्रंथीचा आकार. ते बोटांना आणि सोनोग्राफीत कळतं. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायचा. ग्रंथी दुप्पट वाढलेली असून काम अगदी चोख असू शकतं, आणि ग्रंथी हाताला लागतही नाही पण टीएसएच ४० असतो, म्हणजे काम मंद पडलेलं, असंही होतं. तुझ्या आईचं पहिल्या प्रकारातलं दिसतंय. म्हणून 'नॉर्मल आहे, काही नाही' हे जितकं चूक, तितकंच 'गाठ आहे म्हणजे गोळी सुरू करा' हेही चूक. मी नेमकी या दुसऱ्या चुकीत दोन वर्षं घालवली.

माझं असं झालं. २०१४ च्या नवरात्रात अंबाबाईला जायला निघालो, मी सासूबाईंची ठुशी घातलेली. ठुशी गळ्याला चिकटूनच बसते, मागं दोऱ्याची सरकती गाठ असते, ती ओढली की झालं. त्या दिवशी गाठ शेवटपर्यंत ढिली केली तरी आवळतच होती. मला वाटलं वजन वाढलंय. आमच्या वन्सं समोर बसलेल्या. म्हणाल्या, "वैनी, ठुशी एका अंगाला उचलल्यागत दिसतीया बघ." आरशात बघितलं तर खरंच, डाव्या बाजूचे मणी वर आलेले.

जवळच्याच एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. टीएसएच नॉर्मल. तरी त्यांनी थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी दिली, 'गाठ जिरेल' म्हणून. पूर्वी तशी पद्धत होती हे खरं: बाहेरून हार्मोन दिलं की टीएसएच दबतो आणि गाठ वाढायची थांबते, असा त्यामागचा विचार. पण त्यानं फार थोड्या गाठी लहान होतात, गोळी थांबवली की बहुधा पुन्हा वाढतात, आणि मधल्या काळात हृदयाला आणि हाडांना त्रास होतो. म्हणून रक्त नॉर्मल असताना निव्वळ गाठ जिरवायला ही गोळी द्यायची नाही, असंच आता सांगतात. मला ते कोण सांगणार? रंकाळ्यावर एक फेरी मारली की छातीत धडधड, थंडीतही घाम. वर्षानं टीएसएच ०.०५ वर आला. गाठ होती तिथंच. सोनोग्राफी दोन वर्षांनी झाली, तीही मी हटून बसले म्हणून.

तेव्हा आईला कुणी 'जिरवायची गोळी' दिली, तर एवढंच विचार: हिचा टीएसएच नॉर्मल असताना ही कशासाठी?

आता गळा सुजतो कशानं. सगळ्यात जुनं कारण आयोडीनची कमतरता. ग्रंथीला हार्मोन करायला आयोडीन लागतं, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. ते कमी पडलं की मेंदूतून 'काम कर, काम कर' असा तगादा लागतो आणि ग्रंथी फुगत जाते. हिमालयाच्या पायथ्याशी हे घरोघरी होतं. डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनचं मीठ आणि एका भागाला साधं मीठ देऊन बघितलं. आयोडीनवाल्या भागांतले गलगंड काही वर्षांत झपाट्यानं उतरले. १९६२ साली सरकारनं गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तो याच जोरावर. आज आपल्या पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलेलं असतं त्याचं मूळ हे.

आणि म्हणूनच ते सैंधव मला खटकलं. सैंधवात, लोणच्याच्या खड्या मिठात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. रोजचं मीठ बदलून सैंधव आणणं म्हणजे गळा सुजलेल्या बाईचं आयोडीनच काढून घेणं. उपासाला चिमूटभर चालेल, रोजच्या आमटी-भाजीला नको. पुडीतलं मीठसुद्धा झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवायला सांग. आमच्याकडं ते वर्षानुवर्षं शेगडीशेजारी उघड्या वाटीत असायचं, पावसाळ्यात पाणी सुटलेलं. ओल आणि उष्णतेनं आयोडीन उडतं. पण याच्या उलट टोकालाही जाऊ नका. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनानं सुरू केल्या, तर जुन्या गाठी एकदम जोरात काम करायला लागू शकतात, मग वेगळंच दुखणं.

कोबीचं म्हणशील तर शिजवून, आठवड्यातून एकदोनदा खाल्लेल्या कोबीनं कुणाचा गळा सुजत नाही. कच्चा कोबी टोपलीभर रोज खाणारा आणि त्यात आयोडीन कमी, तरच प्रश्न. आईला भाजी खाऊ दे बिचारीला.

मीठ बरोबर असलेल्या घरातही गळे सुजतात, त्याची कारणं निराळी. हाशिमोटो म्हणजे शरीराची स्वतःची फौजच ग्रंथीवर उलटते. सूज येते, हळूहळू काम मंदावतं. अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी त्यासाठी. ग्रेव्हजमध्ये फौज उलट ग्रंथीला चाबूक मारते: वजन उतरतं, हात थरथरतात, काहींचे डोळे बाहेर येतात. व्हायरल तापानंतर सुजलेला गळा मात्र दुखतो, गिळताना कानापर्यंत कळ जाते, आणि तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण बसतो. वयात येताना, गरोदरपणी ग्रंथी थोडी भरते. मानसिक आजाराची लिथियम आणि हृदयाची अमिओडारोन ही औषधंही कारण होतात, म्हणून डॉक्टरांपुढं चालू गोळ्यांची पिशवी ओतायची.

तुझ्या आईसारख्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत सगळ्यात जास्त दिसतात त्या गाठी. ग्रंथीतला काही भाग वर्षानुवर्षं बाकीच्यापेक्षा जास्त वाढत जातो, त्याचे गोळे होतात. घराण्यात असेल तर जास्त. रिपोर्टात 'मल्टीनोड्युलर गॉयटर' किंवा 'कोलॉइड नोड्यूल' लिहितात ते हेच.

आणि आता तुझी शेवटची ओळ. थायरॉईडच्या १०० गाठी घेतल्या तर ८५ ते ९५ साध्या निघतात. उरलेल्यांतही बहुतेक पॅपिलरी जातीच्या, सावकाश वाढणाऱ्या आणि उपचारानं बऱ्या होणाऱ्या. म्हणजे घाबरून रात्रभर जागायचं कारण नाही, पण तपासल्याशिवाय सोडायचंही नाही.

तपासायचं कसं, तर सोनोग्राफीचा कागद पुन्हा काढ आणि 'टिरॅड्स' हा शब्द शोध, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याचे गुण. पुढं १ ते ५ आकडा असतो. १ किंवा २ असेल तर सुई लागत नाही. ३ असेल तर २.५ सेंमीच्या पुढं, ४ असेल तर दीड सेंमीच्या पुढं, ५ असेल तर एक सेंमीपासूनच सुई घालून पेशी तपासतात, त्याला एफएनएसी म्हणतात. आईची मोठी गाठ २.८ ची, म्हणजे आकडा ३ जरी असला तरी सुई लागणार. आकडा लिहिलाच नसेल तर सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांकडं जाऊन मागून घे, संकोच करू नको. तुम्ही पैसे मोजलेत.

सुईला भिऊ नये. रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते. मला मानेखाली उशी देऊन आडवं केलं, "आता गिळू नका" म्हणाले, आणि नेमकं त्याच क्षणी गिळावंसं वाटलं. दोन-तीनदा टोचलं, दहा मिनिटांत बाहेर. सुईनं कॅन्सर पसरतो म्हणून आमच्या गल्लीत दोघींनी सांगितलं होतं. डॉक्टर हसले नाहीत, बसवून नीट समजावलं की तसं होत नाही. रिपोर्टात 'बेथेस्डा' म्हणून १ ते ६ आकडा येतो. २ म्हणजे साधी गाठ. ६ म्हणजे कॅन्सर. १ आला तर नमुना पुरेसा नव्हता, पुन्हा टोचायचं. मधले ३-४ त्रासदायक, कारण काही जातीच्या गाठींचा निवाडा सुईनं होतच नाही, गाठ काढून पूर्ण तपासावी लागते. माझा ४ होता.

ऑपरेशन कधी? कॅन्सर किंवा तसा दाट संशय, गाठीनं श्वासनळी-अन्ननळी दाबली जाणं, गळा छातीच्या हाडामागं उतरणं, किंवा दिसायलाच फार वाईट वाटणं. आईला एवढं विचार: आडवं झाल्यावर गुदमरतं का? भाकरीचा घास अडकतो का? दोरीवर धुणं टाकताना, हात वर धरून, चेहरा लालबुंद होऊन जीव कोंडतो का? आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलाय का? गाठ दगडासारखी घट्ट आहे का, महिन्याभरात वाढली का? यातलं काहीही 'हो' असेल तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. सगळं 'नाही' आणि सुईत साधी निघाली, तर वर्षा-दीड वर्षानं सोनोग्राफी करत राहायचं, बस. खूप बायका अशाच नुसत्या लक्ष ठेवून सुखानं जगतात.

टीएसएच जास्त असता तर थायरॉक्सिन योग्यच ठरलं असतं: उठल्यावर उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तास लांब. टीएसएच फार कमी असता तर आधी स्कॅन, मग कार्बिमाझोल (हार्मोन कमी करणारी गोळी), किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन. कार्बिमाझोल घेणाऱ्याला घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी गोळी थांबवून रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघायच्या, हे कुणी घरात घेत असेल तर लक्षात ठेव. आईला यातलं काही सध्या लागत नाही.

माझं २०१७ ला झालं, डावा अर्धा भाग काढला. सर्जन निवडताना 'वर्षाला थायरॉईडची किती करता' हे तोंडावर विचारलं. पंचवीसच्या वर करणाऱ्यांकडं गुंतागुंत कमी होते, असं वाचलं होतं. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते आणि मागंच मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात ज्या कॅल्शियम सांभाळतात. त्या दुखावल्या तर ओठांना, बोटांना मुंग्या येतात. पूर्ण ग्रंथी काढल्यावर हे जास्त, आणि मग गोळीही जन्मभर. माझी अर्धीच, त्यामुळं गोळी लागली नाही. अर्धी काढलेल्या पाचांतल्या एखाद्याला लागते. मी भजनी मंडळात गाते, तर तीन महिने वरचा सा लागेना, हार्मोनियमवाले पट्टी खाली घ्यायचे. मग आला. गाठ साधीच निघाली.

खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून सर्जरी किंवा कान-नाक-घसा विभागात दाखवा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड, आधार घेऊन काय बसतं ते आधीच विचारा.

शब्दांचा एक गोंधळ, कारण तुझ्या प्रश्नात 'गालगुंड' लिहिलंयस. गालगुंड म्हणजे गालफडं सुजतात ते, मुलांना होतं. तुझ्या आईचा तो गलगंड. आणि मानेच्या बाजूला माळेसारख्या गाठी येतात ती गंडमाळ, ती पुष्कळदा टीबीची असते, तिचे उपचार सगळे वेगळे. ओळखायला आईला आरशासमोर पाण्याचा घोट घ्यायला लाव: थायरॉईडची गाठ घोटाबरोबर वर चढते नि खाली येते. कांचनार गुग्गुळ घ्यायचं असलं तर वैद्यांना विचारून घ्या, पण त्याच्या भरवशावर सुईची तारीख पुढं नको.

ठुशी मी गुजरीत पटवेकऱ्याकडून परत गाठवून आणली. व्रण नेमका तिच्याखाली झाकतो. टिरॅड्सचा आकडा मिळाला की इथंच लिही.