आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव चढलं, म्हणजे घर त्याचं झालं का?

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी गेले. महाल भागातलं घर त्यांच्या नावावर होतं. मागे आई, एक भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. आता भावानं मृत्युपत्र बाहेर काढलंय, सगळं घर त्याला. नोटरीचा शिक्का आहे, रजिस्ट्री नाही. दोन साक्षीदारांपैकी एक वारला. आखीव पत्रिकेवर भावाचं नावही चढलं. आमचा हक्क संपला का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही संपला. फेरफार, म्हणजे नोंदीतलं नाव बदलणं, ही सरकारी दप्तराची सोय, त्यानं मालकी ठरत नाही. तरी नगर भूमापन कार्यालयातून फेरफाराच्या प्रकरणाची प्रमाणित नक्कल घ्या. तुम्हाला नोटीस निघाली होती का, ती कोणी घेतली, हे त्यात दिसेल. अपिलाची मुदत ६० दिवसांची. उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. पण खरा निवाडा दिवाणी न्यायालयातच.

मृत्युपत्राला रजिस्ट्री सक्तीची नाही, तसाच नोटरीचा शिक्काही त्याला तारत नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला हयात असलेला साक्षीदार भावाला कोर्टात उभा करावा लागेल. वडिलांनी आपल्यासमोर सही केली किंवा ही सही माझीच असं सांगितलं, आणि आपण व दुसऱ्या साक्षीदारानंही त्यांच्यासमोर सही केली, एवढं त्यानं सांगायला हवं. बरीच मृत्युपत्रं इथेच पडतात : साक्षीदार म्हणतो, ‘सही माझी आहे, पण कागद मला घरी आणून दिला होता.’

मूळ कागद नीट बघा. शेवटच्या पानावर खालच्या ओळी दाटीनं कोंबल्या आहेत का, जणू सही आधी होती आणि मजकूर नंतर आला? आधीच्या पानांवर सही आहे का? नोटरीच्या नोंदवहीतला अनुक्रमांक आणि तारीख जुळते का? त्याच वर्षीची बँकेतली नमुना सही आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड मिळवा. ज्याला घर मिळतं त्यानंच कागद करवून घेतला असेल, तर संशय फेडायची जबाबदारी त्याची. सर्वोच्च न्यायालयानं हे १९५९ पासून सांगितलं आहे.

आता घर कोणाचं होतं, ते. वडिलांची स्वकमाई असेल आणि मृत्युपत्र पडलं, तर आई, भाऊ, तुम्ही दोघी, प्रत्येकी १/४. वडिलोपार्जित असेल तर वडील, आई, भाऊ आणि तुम्ही दोघी असे पाच वाटे धरतात, आणि वडिलांना फक्त स्वतःचा १/५ हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. म्हणजे ते सिद्ध झालं तरी भावाला २/५, बाकी तिघींना प्रत्येकी १/५. पण आजोबांचं म्हणून ते वडिलोपार्जितच, असं धरून चालू नका. आजोबांचं घर स्वकमाईचं असेल आणि ते १७ जून १९५६ नंतर वारले असतील, तर वडिलांकडे आलेला हिस्सा त्यांचा स्वतंत्र मानला जातो. वकिलांकडे जाताना आजोबांचा मृत्यू दाखला आणि घराची जुनी रजिस्ट्री आधी शोधा, बाकीचे कागद मागाहून.

दावा वाटणी आणि स्वतंत्र ताब्याचा करा. मृत्युपत्र बंधनकारक नाही ही मागणीही त्यातच घाला. नागपूरच्या घराला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, सक्ती नाही, त्यामुळे मृत्युपत्राची परीक्षा याच दाव्यात होते. पहिल्याच तारखेला विक्रीवर मनाईचा अर्ज द्या आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. हे राहून जातं आणि मधल्या काळात घर बिल्डरला जातं.

प्रश्न : बहिणीनं साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून हक्कसोड दिलं. चालेल?

उत्तर : स्थावराचं हक्कसोड पत्र रजिस्टर झालंच पाहिजे, नोटरीवर हिस्सा सुटत नाही. आणि रजिस्टर झालेलं हक्कसोड ‘फेरफारासाठी सही हवी’ असं सांगून फसवून घेतलं असेल, तर फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत ते रद्द करायचा दावा लावावा लागतो.